दोन शहरांमधील अंतर व विमानाचा प्रवासकाळ

मुंबईहून दिल्ली किती दूर आहे, असे वर्गात विचारले तर त्या एका प्रश्नाला निदान चार उत्तरे संभवतात आणि ती चारही बरोबर असतात. मुंबई सेंट्रलहून बडोदा, रतलाम, कोटा या मार्गाने जाणाऱ्या आगगाडीचे अंतर सुमारे १३८५ किलोमीटर भरते. तीच दिल्ली मध्य रेल्वेने भुसावळ, भोपाळ, झाशीवरून गाठावयाची म्हटली तर अंतर १५४० किलोमीटरांच्या घरात जाते. मोटाररस्त्याने ते साधारण चौदाशे होते. एका विमानतळापासून दुसऱ्या विमानतळापर्यंत सरळ मोजले तर मात्र ते अवघे ११४० किलोमीटर येते. ज्या मुलाने यांपैकी एकच आकडा पाठ केलेला असतो, त्याला उरलेले तीन चुकीचे वाटतात. वस्तुतः अंतर हे शहरांचे नसते, वाटेचे असते.

ही गोष्ट खेड्यातील मुलास शहरातील मुलापेक्षा लवकर पटते. वाडीवरून शाळेत येणारा मुलगा उन्हाळ्यात शेताच्या बांधावरून येतो आणि पावसाळ्यात ओढ्याला पाणी आले म्हणजे पुलावरून वळसा घालून येतो. शाळा जागची हललेली नसते, वाडीही हललेली नसते, तरी अंतर वाढलेले असते. शिक्षकाने प्रथम हे अंतर मुलांकडून पावलांनी मोजवून घ्यावे आणि दिल्लीचा विषय त्यानंतर काढावा. आगगाडीला चढाव टाळावा लागतो, नद्यांवर पूल जेथे बांधता आले तेथूनच जावे लागते आणि मोठी गावे जोडावी लागतात. विमानाला यांतले काहीच करावे लागत नाही. म्हणून त्याचे अंतर सर्वांत कमी.

येथून काळ व वेग यांच्या गणिताकडे वळणे सोपे जाते, परंतु नेमकी येथेच एक अडचण उभी राहते. उदाहरण बहुधा असे घातले जाते : एक विमान ताशी ८३० किलोमीटर वेगाने जाते, तर ११४० किलोमीटर अंतर ते किती वेळात तोडील? भागाकार केला की उत्तर १ तास २२ मिनिटे येते. विमान कंपन्यांच्या वेळापत्रकात मात्र मुंबई ते दिल्ली या प्रवासास सुमारे सव्वादोन तास दाखविलेले असतात. ज्या मुलाच्या घरचे कोणी विमानाने गेले आहे, ते मूल उत्तरात ‘सव्वादोन तास’ लिहिते आणि त्याच्या वहीत लाल फुली पडते. गणिताच्या दृष्टीने ती फुली योग्य असेल, परंतु त्या मुलावर तिच्यामुळे अन्याय होतो. त्याने जे ऐकले ते खरे होते. शाळेत शिकविलेले एक आणि घरी घडते ते दुसरे, अशी समजूत एकदा मनात बसली की पुढे गणितावरचा विश्वास उडावयास वेळ लागत नाही. त्यापेक्षा या दोन उत्तरांमधली पन्नास-पंचावन्न मिनिटे कोठे गेली, हा प्रश्नच वर्गासमोर ठेवणे चांगले.

वेळापत्रकातील प्रवास विमान आकाशात उडाल्यावर सुरू होत नाही. ते तळावरील आपल्या जागेवरून हलते तेव्हा तो सुरू होतो आणि दुसऱ्या शहरी नेमून दिलेल्या जागी उभे राहते तेव्हा संपतो. मधल्या काळात विमान जमिनीवर चाकांनी बैलगाडीसारखे सावकाश चालत धावपट्टीपर्यंत जाते व तेथे आपली पाळी येईपर्यंत थांबते. मुंबईच्या विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत, परंतु त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे दोन्हींचा उपयोग एकाच वेळी करता येत नाही आणि विमानांची रांग लागते. उडाल्यानंतरही ताशी ८३० किलोमीटरांचा वेग लगेच येत नाही. जमीन सोडताना प्रवासी विमानाचा वेग ताशी अडीचशे ते तीनशे किलोमीटर असतो. पहिल्या तीन किलोमीटर उंचीपर्यंत वेगावर साधारणपणे ताशी सुमारे ४६० किलोमीटरांची मर्यादा घातलेली असते. दहा-अकरा किलोमीटर उंची गाठावयास वीस मिनिटांच्या आसपास लागतात. उतरण्याची तयारीही मुक्कामाच्या कितीतरी आधी, सुमारे दोनशे किलोमीटर अलीकडूनच सुरू होते. घाट चढून उतरणाऱ्या एस.टी.चा सरासरी वेग आणि सपाटीवर तिच्या काट्याने दाखविलेला वेग यांत जो फरक पडतो, तोच येथे पडतो. शिवाय उतरताना धावपट्टी मोकळी नसेल तर विमानाला आकाशात घिरट्या घालाव्या लागतात. वेळापत्रक आखणारे लोक यासाठी थोडी सवडही धरून ठेवतात, म्हणजे विमान दहा मिनिटे उशिरा निघाले तरी वेळेवर पोहोचल्याचे दाखविता येते. त्याला लबाडी म्हणता येणार नाही, पण वेळापत्रकातील आकडा म्हणजे विमानाची चपळाई नव्हे, एवढे मुलांनी समजून घ्यावे.

मुंबई-दिल्ली हे अंतर नकाशावर पट्टीने मोजले तरी फारसे बिघडत नाही. दूरच्या शहरांच्या बाबतीत मात्र पट्टी दगा देते. मुंबई आणि लंडन यांचे उदाहरण घ्यावे. भिंतीवर टांगलेल्या जगाच्या सपाट नकाशात या दोन शहरांना जोडणारी सरळ रेघ काढली तर ती तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्याच्या आसपासून जाते. सर्वांत जवळची वाट ही नव्हेच. पृथ्वीगोलावर मुंबई आणि लंडन येथे बोटे ठेवून त्यांच्यामध्ये दोरा ताणून धरला, तर तो बलुचिस्तान, इराण, आर्मेनिया, काळा समुद्र, युक्रेन व पोलंड यांवरून जातो, म्हणजे नकाशातील रेघेच्या बराच उत्तरेकडून. या दोऱ्याने दाखविलेले अंतर सुमारे ७२०० किलोमीटर आहे. सपाट नकाशातील रेघ धरून गेल्यास सुमारे २०० किलोमीटर अधिक पडतात. गोल पृथ्वी कागदावर उलगडताना उत्तरेकडचा भाग आडवा ताणला जातो, आणि जी वाट गोलावर सरळ असते ती कागदावर कमानीसारखी वाकडी दिसते.

हा प्रयोग प्रत्येक शाळेत करता येण्याजोगा आहे. ३० सेंटिमीटर व्यासाच्या पृथ्वीगोलाचा घेर सुमारे ९४ सेंटिमीटर येतो. पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर असल्याने अशा गोलावरील एक सेंटिमीटर म्हणजे अदमासे ४२५ किलोमीटर झाले. मुंबई-लंडन दोरा १७ सेंटिमीटर भरला पाहिजे. पृथ्वीगोल नसेल तेथे गोल मडके किंवा मोठा भोपळा घेऊन त्यावर खडूने विषुववृत्त व रेखावृत्ते काढली तरी काम भागते. अक्षर सुंदर नसले तरी चालेल, दोरा मात्र ताठ हवा.

दोन शहरे जवळजवळ एकाच रेखावृत्तावर असतील तर दोऱ्याचीही गरज राहत नाही. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. दिल्ली आणि बंगळूर ही दोन्ही शहरे ७७ अंश पूर्व रेखांशाच्या आसपास आहेत. दिल्लीचा अक्षांश २८.६ आणि बंगळूरचा १३ धरल्यास फरक १५.६ अंशांचा होतो व त्याला १११ ने गुणल्यावर सुमारे १७३० किलोमीटर हे उत्तर मिळते. प्रत्यक्ष अंतर याच्या अगदी जवळ आहे. ज्या मुलाने केवळ भूगोलाच्या पुस्तकातून दोन आकडे उचलून हे अंतर काढले, त्याला पुढे अक्षांश म्हणजे काय हे पुन्हा सांगावे लागत नाही.

मात्र दोऱ्याची वाट मोकळी असतेच असे नाही. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलच्या ‘मलबार प्रिन्सेस’ या विमानाने मुंबई ते लंडन ही सेवा सुरू केली, तेव्हा ते विमान कैरो आणि जिनिव्हा येथे उतरत गेले. या तीन टप्प्यांची बेरीज सुमारे ७९०० किलोमीटर होते, म्हणजे थेट वाटेपेक्षा जवळपास ७०० किलोमीटर अधिक. त्या काळच्या पंख्याच्या विमानास एवढा पल्ला एका दमात गाठणे जमण्यासारखे नव्हते. पुढे १९६० साली एअर इंडियाने या मार्गावर बोइंग ७०७ हे जेट विमान आणले आणि तासांचा हिशेब बदलला. अंतर तेवढेच राहिले.

यंत्राची अडचण दूर झाली तरी राज्यांच्या सीमा उरतात. प्रत्येक देशाच्या भूमीवरील आकाश त्या देशाच्या ताब्यात असते आणि परवानगीवाचून त्यातून जाता येत नाही. २०१९ साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत पाकिस्तानने आपले आकाश बंद ठेवले होते. दिल्लीहून युरोपकडे जाणाऱ्या विमानांना त्या वेळी दक्षिणेकडून, अरबी समुद्रावरून वळसा पडला. एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांसाठी ते आकाश पुन्हा बंद झाले. युक्रेनवरील आकाश २४ फेब्रुवारी २०२२ पासून, युद्ध पेटताच, प्रवासी विमानांस बंद झाले. पृथ्वीगोलावर ताणलेला दोरा तर याच दोन देशांवरून जातो. ओढ्याला पाणी आल्यावर वाडीच्या मुलाला जे करावे लागते तेच वैमानिकाला करावे लागते, आणि सात-आठ हजार किलोमीटरांच्या प्रवासात त्या वळशाचे इंधन व वेळ भाड्याच्या आकड्यात दिसू लागतात.

आता वाऱ्याविषयी. मुंबईहून लंडनला जावयास साधारणतः दहा तास लागत असतील तर परत येण्यास नऊ पुरतात. अंतर तेच, विमान तेच, मग एक तास कोठे वाचला? पुष्कळ मुले, आणि काही मोठी माणसेही, याचे कारण पृथ्वीच्या फिरण्यात शोधतात. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. मुंबईच्या अक्षांशावर हा वेग ताशी सुमारे १५८० किलोमीटर आहे. मग विमान वर नुसते थांबून राहिले तर लंडन आपोआप खाली येईल, असा त्यांचा तर्क असतो. तर्क हुशारीचा आहे, त्याला हसू नये. पण तो खरा असता तर पश्चिमेकडे जाणे सोपे आणि पूर्वेकडे येणे कठीण झाले असते, आणि अनुभव तर उलट आहे. पृथ्वीबरोबर तिच्यावरील हवाही फिरत असते व त्या हवेत विमान असते. धावत्या एस.टी.त बसलेल्या मुलाने खडा सरळ वर उडवला तर तो मागच्या बाकावर पडत नाही, त्याच्याच हातात परत येतो. हा प्रयोग मुलांनी सहलीच्या वेळी अवश्य करून पाहावा.

खरे कारण उंचावरील वाऱ्यात आहे. विषुववृत्ताकडची हवा तापलेली आणि ध्रुवाकडची थंड असल्याने वातावरणाच्या वरच्या थरात वारे वाहू लागतात आणि पृथ्वीच्या परिवलनामुळे ते वळून पश्चिमेकडून पूर्वेकडे जाऊ लागतात. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर त्यांचे अरुंद व वेगवान पट्टे तयार होतात. त्यांना झोतवारे म्हणतात. त्यांचा वेग ताशी दीडशे किलोमीटर असणे ही नित्याची गोष्ट असून कधी तो तीनशेच्याही पुढे जातो. हिवाळ्यात असा एक पट्टा उत्तर भारतावरून वाहतो आणि मोसमी पाऊस येण्याच्या सुमारास तो हिमालयाच्या उत्तरेस सरकतो. लांब पल्ल्याची विमाने नेमक्या याच उंचीवर उडतात. पूर्वेकडे येणाऱ्याला हा वारा पाठीशी असतो आणि पश्चिमेकडे जाणाऱ्याला तोंडावर घ्यावा लागतो.

नाव आणि प्रवाह यांची उदाहरणे वरच्या इयत्तांत घातली जातात. ज्या गावी नदीच नाही तेथील मुलांना ती नीरस वाटतात. त्याच रीतीने हे उदाहरण सोडविता येते. जाताना ७२०० भागिले १०, म्हणजे ताशी ७२० किलोमीटर. येताना ७२०० भागिले ९, म्हणजे ताशी ८००. दोहोंच्या बेरजेचे अर्धे ७६० हा स्थिर हवेतील वेग झाला आणि वजाबाकीचे अर्धे ४० हा वाऱ्याचा वेग. जमिनीवर मोडलेली मिनिटे यात मिसळलेली असल्यामुळे आणि वारा सर्व मार्गभर सारखा नसल्यामुळे हे आकडे स्थूल आहेत, पण रीत तीच.

येथे एक प्रश्न जोडून विचारावा : जाताना वाऱ्याने जेवढे नेले तेवढेच येताना परत मिळाले, म्हणजे हिशेब फिटला काय? बहुतेक मुले ‘होय’ म्हणतील. मग वाऱ्याचा वेग १०० धरून पाहण्यास सांगावे. जाताना वेग ६६० होतो व १० तास ५५ मिनिटे लागतात. येताना तो ८६० होतो व ८ तास २२ मिनिटे लागतात. एकूण १९ तास १७ मिनिटे झाली. वारा मुळीच नसता तर ७६० च्या वेगाने जाऊन-येऊन १८ तास ५७ मिनिटांत काम आटोपले असते. वीस मिनिटे वाऱ्याने खाल्लीच. प्रतिकूल वाऱ्यात विमान अधिक वेळ राहते आणि अनुकूल वाऱ्यात कमी वेळ, म्हणून हा तोटा भरून निघत नाही.

वाऱ्याचे हे बळ किती असते याचा सर्वांत बोलका दाखला दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को या मार्गाने दिला. एअर इंडियाची विमाने प्रथम पश्चिमेकडून, अटलांटिक महासागरावरून सुमारे १३,९०० किलोमीटर जात असत. ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीने दिशा पालटून पूर्वेकडून, प्रशांत महासागरावरून विमान नेले. वाट सुमारे १५,३०० किलोमीटरांची झाली, म्हणजे चौदाशे किलोमीटरांनी लांब, आणि तरीही विमान साडेचौदा तासांत, पूर्वीपेक्षा सुमारे दोन तास लवकर पोहोचले. चौदाशे किलोमीटर म्हणजे मुंबई ते दिल्ली हा सारा मोटाररस्ता. तो अधिक चालूनही माणूस आधी पोहोचला, हे ऐकून मुले थोडा वेळ गप्प राहतात. ‘जवळची वाट’ आणि ‘लवकरची वाट’ या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे त्या शांततेत त्यांना उमगत असते.

शेवटी घड्याळाचा प्रश्न उरतो आणि व्यवहारात सर्वाधिक घोटाळा त्याच्यामुळेच होतो. विमानाच्या तिकिटावर निघण्याची वेळ निघण्याच्या शहराची असते आणि पोहोचण्याची वेळ पोहोचण्याच्या शहराची. मुंबईहून पहाटे २ वाजता निघालेले विमान लंडनला सकाळी ६-३० ला पोहोचते, असे समजा. तिकीट पाहणारा म्हणेल, साडेचार तासांचा प्रवास. हिवाळ्यात लंडनचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते. ते मिळविले की खरे दहा तास होतात. उलट लंडनहून सकाळी १० ला निघालेले विमान नऊ तासांत मुंबईस आले तर येथे रात्रीचे साडेबारा वाजलेले असतात आणि तिकिटावरून तो प्रवास साडेचौदा तासांचा भासतो. उन्हाळ्यात लंडनचे लोक आपली घड्याळे एक तास पुढे करतात, त्या वेळी फरक साडेचार तासांचाच धरावा लागतो.

हा फरक का पडतो हे रेखांशावरून सांगावे. दर अंशाला ४ मिनिटे. भारताची प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरून ठरलेली आहे आणि म्हणून ती ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे आहे. मुंबईची स्वतःची सूर्यवेळ प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे येते. १९०६ साली प्रमाणवेळ लागू झाल्यानंतरही मुंबई शहराने आपली ही जुनी वेळ १९५५ पर्यंत जपली होती. एकाच शहरात दोन वेळा नांदत असल्याने लोकांना ‘कोणत्या वेळेने?’ असे विचारून घ्यावे लागे.

लंडन ज्यांना फार दूर वाटते त्यांच्यासाठी दुबई आहे. रत्नागिरी, रायगड या जिल्ह्यांतील कितीतरी घरांतली माणसे आखातात कामाला आहेत. मुंबई ते दुबई अंतर सुमारे १९३० किलोमीटर, प्रवास तीन-सव्वातीन तासांचा आणि दुबईचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. पहाटे ४ ला निघून ५-४५ ला पोहोचणाऱ्या विमानाचा प्रवास किती, हे उदाहरण अशा शाळेत घालावे.

याच तिकिटांवर आणखी एक खाच असते. विमानाची वेळ चोवीस ताशी घड्याळाने छापलेली असते आणि तारीख मध्यरात्री बदलते. आपल्याकडे दिवस सूर्योदयापासून मोजण्याची जुनी सवय आहे. तिकिटावर ‘१२ तारीख, ००-३०’ असे असले की घरातील मंडळी १२ तारखेची रात्र धरून बसतात. विमान मात्र ११ तारखेच्या रात्री, जेवणे आटोपल्यानंतर काही तासांतच निघून गेलेले असते. अशी चुकामूक झाली की तिकिटाचे पैसे बुडतात, आणि नोकरीवर हजर होण्याची तारीख जवळ असेल तर नोकरीही जाण्याची वेळ येते. अशा वेळी सामान घेऊन विमानतळाच्या दारातून परत फिरलेल्या माणसाला ताशी किती किलोमीटर हे कोणी सांगून उपयोग नसतो. पाचवीतल्या मुलाने फळ्यावर एक आडवी रेघ ओढून तिच्यावर ११ आणि १२ तारखेचे तास मांडले व मध्यरात्रीची खूण करून ००-३० कोठे पडते ते बोट ठेवून दाखविले, तर घरी तिकीट आल्यावर ते वाचून दाखविण्याचे काम त्या मुलाकडे खुशाल सोपविता येते.